मालक, मिस्त्री आणि जुना पिकअप



'मालक' हा शब्द आम्ही गेली तीस वर्षे एकाच अर्थाने उच्चारीत आलो आहोत. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून ज्याच्याशी पगाराची, रजेची, बोनसची घासाघीस करावयाची, तो मालक. आज ज्या मालकाबद्दल बोलावयाचे आहे तो निराळा. त्याच्यापाशी सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वीचा एक पिकअप ट्रक आहे. रविवारी सकाळी तो फाटका सदरा अंगात चढवतो, गाडीखाली उताणा पडतो, आणि दिवेलागणीला कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरात येतो. ह्या कामाचे त्याला कोणी पैसे देत नाही. उलट त्याचेच पैसे जातात. तोच मालक, तोच मिस्त्री आणि तोच हेल्पर. अमेरिकेत अशा हौशी माणसांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्या मंडळ्या आहेत, जत्रा भरतात, जुन्या सुट्या भागांचे बाजार भरतात. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभणाऱ्या जुन्या मोटारींची हौस वेगळी. पिकअप ही मुळात कष्टाची गाडी, आणि तिचे वेड असलेली माणसे बहुधा हाताने काम करणाऱ्यांपैकी किंवा त्यांच्या मुलानातवांपैकी असतात.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ह्या हौसेच्या पोटात कामगारांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो मोटारींच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

आपल्याकडे भाजी, दूध, विटा वाहणाऱ्या ज्या गाडीला सर्रास 'पिकअप' म्हणतात, तिची मूळ कल्पना कोणा एका इंजिनियरच्या डोक्यातून निघाली नाही. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९०८ साली निघाली. वीस अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन, उंच चाके, चिखलातून आणि दगडधोंड्यांतून जाण्याची ताकद. खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. पण शेतकऱ्याला चार माणसे फिरवावयाची नव्हती. त्याला दुधाचे कॅन आणि धान्याची पोती बाजारात न्यावयाची होती. म्हणून त्याने गाडीचा मागचा भाग काढून टाकला आणि गावच्या सुताराकडून तेथे लाकडी पेटी बसवून घेतली. हे बरीच वर्षे चालले. अखेर १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने स्वतःच मागे लोखंडी हौदा बसवून ती गाडी विकावयास काढली. किंमत २८१ डॉलर. म्हणजे कारखान्याने सुताराचीच नक्कल केली, आणि तिला नाव दिले.

ही 'टी' गाडी तिच्या मालकाला सबंध कळत असे. तिला पेट्रोलचा पंप नव्हता. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच खाली इंजिनात उतरे. टाकी अर्धी रिकामी असताना उभा चढ लागला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसे, मग शेतकरी गाडी फिरवून उलटी, रिव्हर्समध्ये, चढवीत असे. गिअर बदलण्याचे पट्टे झिजले की झाकण काढून घरीच कसता येत. मागचे चाक जॅकवर उचलून त्याच्यावर पट्टा चढवीत आणि त्यावर लाकडे कापण्याचा करवत चालवीत. गाडी म्हणजे शेतावरचे चालते इंजिनच. वाहनाची दुरुस्ती ही त्या काळी हौस नव्हती, ती गरज होती. जवळचे गॅरेज कित्येक मैल दूर, आणि हाताशी पान्हा, हातोडी आणि वेळ. हौस पुढे त्या गरजेतूनच आली.

आता ह्या चित्राची दुसरी बाजू पाहा. तीच गाडी जेथे बनत होती, त्या हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली सरकती साखळी सुरू झाली. तोपर्यंत एक सांगाडा जोडावयास साडेबारा तास लागत. १९१४ च्या वसंतात ते काम ९३ मिनिटांवर आले. कारण काय? तर कामाचे तुकडे केले. एकाने बोल्ट घालावयाचा, दुसऱ्याने नट लावावयाचा, तिसऱ्याने तो आवळावयाचा. नट लावणाऱ्याने आवळावयाचा नाही! कामगारांना हे इतके असह्य झाले की १९१३ साली त्या कारखान्यात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३७० झाले. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात ३७० माणसे नव्याने घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोज पाच डॉलर आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, तेव्हा जगभर त्याच्या औदार्याचे पोवाडे गायले गेले. औदार्याचा भाग किती आणि पळून जाणारी माणसे धरून ठेवण्याची निकड किती, हे श्रोत्यांनी वरील आकड्यांवरून ठरवावे.

ह्याचा अर्थ असा झाला की, आयोवातल्या शेतकऱ्याला जी गाडी नखशिखांत ठाऊक होती, ती बनविणाऱ्या कामगाराला मात्र एका नटापुरतीच ठाऊक होती. पूर्वीचा बग्गी बनविणारा कारागीर चाकापासून गादीपर्यंत सारे जाणे. साखळीने त्याचे ज्ञान फोडले आणि त्याचे तुकडे शेकडो माणसांत वाटले. सबंध गाडीचे ज्ञान वरच्या कचेरीत गेले.

पुढची गोष्ट मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावची. जनरल मोटर्सचे तेथे अनेक कारखाने होते. कामगारांची पहिली तक्रार पगाराची नव्हती, साखळीच्या वेगाची होती. फोरमन साखळी हळूहळू वाढवीत नेई आणि माणसे घरी जाऊन जेवतानाही थरथरत. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटचे कामगार काम बंद करून कारखान्यातच बसले. बाहेर गेले तर त्यांच्या जागी दुसरे भरले जातील, म्हणून आतच ठिय्या. थंडी, अश्रुधूर, पाण्याचे फवारे, न्यायालयाचे हुकूम, सगळे झाले. निर्णायक दिवस १ फेब्रुवारी १९३७ हा. शेव्हरोलेची इंजिने ज्या चार नंबरच्या कारखान्यात बनत, तो ताब्यात घेण्याचा बेत ठरला. पण आवई उठविली ती नऊ नंबरच्या कारखान्याची. कंपनीचे रखवालदार तिकडे धावले. तेथे झटापट झाली, आतल्या कामगारांवर धूर सोडला, बाहेर जमलेल्या बायकांनी आत हवा जावी म्हणून खिडक्यांच्या काचा फोडल्या. आणि इकडे चार नंबर हाती आला. इंजिनाशिवाय गाडी नाही. ११ फेब्रुवारीला, ४४ व्या दिवशी, जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने युनियनला मान्यता देणाऱ्या करारावर सही केली.

हा सारा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, शेव्हरोलेचे २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे प्रसिद्ध इंजिन १९३७ च्याच मॉडेलपासून आले. आज जो हौशी मालक युद्धानंतरच्या पिकअपचे बॉनेट उघडून त्या इंजिनावरची धूळ पुसतो, तो ह्या संपाच्या वर्षी जन्मलेल्या इंजिनापुढे उभा असतो. त्याला ते ठाऊक असतेच असे नाही.

आणखी एक देणे आहे. हौसेला वेळ लागतो. शनिवार-रविवार मोकळे नसतील तर कोण कशाला ट्रकखाली झोपेल? फोर्डने १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा केला खरा, पण साऱ्या देशाला चाळीस तासांचा आठवडा मिळाला तो १९३८ च्या कायद्याने, तोही टप्प्याटप्प्याने, १९४० साली. चाळिसाच्या वर काम घेतले तर दीडपट पगार. त्या कायद्यामागे फ्लिंटसारख्या लढ्यांचे बळ होते. आपल्याला हे परके वाटावयास नको. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीमुळे. आज रविवारी पतंग उडविणारा, क्रिकेट खेळणारा किंवा स्कूटर धुणारा मुंबईकर लोखंड्यांचे नाव घेत नाही. असो.

मग महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले. टायर आणि पेट्रोल शिधापत्रिकेवर गेले. रबर वाचावे म्हणून ताशी ३५ मैलांची मर्यादा आली. नवी गाडी मिळणार नाही, म्हणजे आहे तीच चालती ठेवणे भाग. शिवाय लाखो तरुण सैन्यात जाऊन जीप आणि ट्रक उघडून बसवावयास शिकले. युद्ध संपल्यावर हे शिकलेले हात घरी परतले. आणि १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने नव्या घडणीचे ट्रक बाजारात आणले. त्यांतला अर्ध्या टनाचा पिकअप, ३१०० नंबरचा, १९५५ पर्यंत थोड्या फेरफारांनी चालू राहिला. १९४८ साली फोर्डचा एफ-१ आला. आजच्या हौशी लोकांत ह्या दोन जाती सर्वांत लाडक्या. फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले ह्यांच्यात जे वाद चालतात ते आपल्या दोन तालमींतल्या पैलवानांनाही लाजवतील.

आमचे एक स्नेही, पूर्वीचे टर्नर, ह्यांनी निवृत्तीनंतर असा एक शेव्हरोले पिकअप घेतला. त्याच्याखाली आम्हीही बरेच रविवार काढले आहेत. आम्ही नववीत शाळा सोडून गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो होतो, आणि इंग्रजी शिकलो ते दुरुस्तीच्या पुस्तकांतून, शेजारी कोश ठेवून. त्यामुळे पुढील वर्णन थोडे लांबले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

ह्या २१६ च्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला आजच्यासारख्या बदलावयाच्या बेअरिंग-वाट्या नाहीत. रॉडमध्येच बबिट हा मऊ धातू ओतलेला असतो. कथील, अँटिमनी आणि तांबे ह्यांचे हे मिश्रण अमेरिकेतल्या आयझॅक बबिट नावाच्या गृहस्थाने १८३९ साली काढले. जोडाच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. बबिट झिजले, इंजिन ठोकू लागले, की तेलाचे तबक खाली उतरवावयाचे, दोन्हीकडून एकेक चकती काढावयाची, पुन्हा आवळावयाचे, आणि रॉड हाताने हलवून पाहावयाचा. फार ढिला नको, फार घट्टही नको. हे मोजमाप पुस्तकात आहे, पण खरे ते बोटांत असते. तेलाचीही तऱ्हा जुनी. मधल्या मोठ्या बेअरिंगांना पंपाचे तेल जाते. रॉडना मात्र तबकातल्या पन्हळीतून तेल मिळते. रॉडच्या खालच्या टोकाला एक लहान पळी असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल वर उडवते. मध्यम वेगाला हे उत्तम चालते. आजच्या हमरस्त्याच्या वेगाने ट्रक तासन्‌तास दामटला तर बबिट वितळून जाते. अशा ट्रकाचा मालक म्हणून चाळीस-पंचेचाळीस मैलांवर समाधान मानतो. मागून भोंगे वाजतात, वाजू देत.

व्हॉल्व्हची फट सारखी करणे हा दुसरा सोहळा. इंजिन गरम करावयाचे, चालूच ठेवावयाचे, वरचे झाकण काढावयाचे आणि रॉकर खालीवर नाचत असताना त्यांच्यामध्ये फिलर गेज घालून पेच फिरवावयाचा. अंगावर गरम तेलाचे थेंब उडतात. बारा व्हॉल्व्ह. ठिणगीचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. हा क्रम ह्या लोकांना पाढ्यासारखा पाठ असतो. विजेची बॅटरी सहा व्होल्टांची, त्यामुळे स्टार्टर सावकाश फिरतो. नवशिका लगेच बारा व्होल्ट करून टाकतो. जुना खेळाडू सांगतो की, आधी जाड तारा घाल, बॅटरीचे सांधे आणि अर्थिंग घासून स्वच्छ कर. सहा व्होल्टांवर ट्रक कित्येक हिवाळे चालू झालाच होता. गिअरबॉक्सकडे जावयाचे असेल तर मात्र अंगात बळ पाहिजे. ह्या पिकअपचा फिरता दांडा एका बंद नळीत आहे, आणि ती नळी मागच्या अॅक्सलला जखडलेली. म्हणजे पुढचे काढावयास मागचा अख्खा अॅक्सल सोडवून मागे सारावा लागतो.

पुढच्या चाकांची किंगपिन, पाट्यांचे दुवे, सुकाणूचे सांधे ह्यांना दर हजार मैलांनी ग्रीस. हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या आणि त्यांवर पोलादी पट्ट्या, त्या कुजतात. केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी साचून पत्रा गंजतो. तो कापून नवा तुकडा झाळावा लागतो. रंगाखाली लांबीचा थर देऊन भोक बुजविणारेही असतात, पण अशा मालकाला त्या वर्तुळात मान नाही.

ह्या लोकांत एक जुना वाद आहे. १९५४ साली ह्या ट्रकांना २३५ घनइंचांचे, दाबाच्या तेलाचे इंजिन आले. ते जुन्या ट्रकात फारशी तोडफोड न करता बसते. काहीजण म्हणतात, बबिट ओतणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा २३५ बसवा आणि ट्रक रस्त्यावर आणा. दुसरे म्हणतात, मग ट्रक तो कसला? आमचा कौल पहिल्यांकडे आहे. पिकअप ओझे वाहावयास जन्मला, काचेच्या कपाटात बसावयास नव्हे. पण बबिट ओतणारा एखादा म्हातारा जिवंत असेल तर त्याच्याकडून ते काम शिकून घेणारा पोर आम्हाला अधिक प्यारा आहे, हेही खरे.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साखळीवर ज्याच्या वाट्याला एक नट आला त्याचा मुलगा किंवा नातू आज तो नट, त्याच्या शेजारचा बोल्ट आणि त्यामागचे सारे यंत्र आपल्या हाताने उघडतो. घाई करणारा फोरमन नाही. चुकले तर पुन्हा काढावयाचे. फोडलेले ज्ञान ह्या शेडांमधून पुन्हा एकत्र आले आहे, आणि ते शक्य झाले कारण यंत्र उघडे होते आणि पुस्तक विकत मिळत होते. कंपन्यांची दुरुस्ती-पुस्तके कोणीही घेऊ शके. ह्या जुन्या ट्रकांची आजही पुन्हा छापली जातात.

आमच्या मुंबईचाही ह्या ट्रकांशी संबंध आला होता. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. समुद्रामार्गे पेट्यांत सुटे भाग येत आणि आमचे कामगार त्यांतून शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक उभे करीत. जुळणी करावयाची, पण भाग येथे बनवावयाचे नाहीत, हे स्वतंत्र भारताच्या धोरणात बसेना. १९५४ साली तो कारखाना बंद झाला. तोवर येथे शिकलेले हात मात्र गॅरेजांत पसरले होते. शहरांतल्या गल्लीबोळांत बसून, सुटा भाग मिळाला नाही तर खराद्याकडून तो घडवून घेणारी जी मिस्त्री मंडळी आम्ही लहानपणी पाहिली, त्यांच्या विद्येची मुळे अशाच कामांत होती.

१९७० च्या हवाशुद्धी कायद्यानंतर मोटारींच्या धुरावर निर्बंध आले. ते योग्यच होते. जुन्या ट्रकांचा धूर काही गुलाबपाणी नव्हे. पुढे इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक डब्याकडे गेला. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींना आणि हलक्या ट्रकांना दोष वाचण्यासाठी एकाच नमुन्याचे सॉकेट सक्तीचे झाले, आणि लहान गॅरेजांना त्याचा फायदाच झाला. पण डब्याच्या आतली आज्ञावली ही कंपनीची मालमत्ता राहिली. १९९८ च्या कॉपीराइट कायद्याने आज्ञावलीचे कुलूप उघडणे हाच गुन्हा ठरला. आपलीच गाडी, आपल्याच अंगणात, आपल्याच पैशाने घेतलेली. पण तिच्यात डोकवावयाचे तर परवानगी हवी. ती सूट २०१५ साली मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्‌स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करून घेतला, आणि २०१४ साली कंपन्यांनी त्याच धर्तीवर सर्व देशासाठी समझोता केला. मग गाड्या बिनतारी पद्धतीने थेट कंपनीला खबरा देऊ लागल्या. २०२० साली तेथील मतदारांनी चारांपैकी तिघांच्या बहुमताने ह्या खबराही मालकाला खुल्या कराव्यात असे ठरविले, आणि कंपन्यांनी तो कायदा वर्षानुवर्षे न्यायालयात अडकवून ठेवला. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही चाल ओळखीची आहे.

भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये ह्याच हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ह्यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी त्यावर द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती ह्यांत काय अंतर असते ते आम्ही किमान वेतनाच्या बाबतीत पुरते पाहिले आहे. मध्यंतरी आम्ही गॅरेज कामगारांची एक सभा घेतली. मागणीपत्रात पगार, साप्ताहिक सुट्टी आणि अपघात विमा ही कलमे आम्ही घातली होती. मागच्या रांगेतून एक विशीचा पोरगा उठला आणि म्हणाला, "साहेब, स्कॅनरचं पण लिहा. गाडी आमच्यासमोर उभी असते, पण ती बोलते फक्त कंपनीशी. आणि पुस्तक मराठीत पाहिजे." ते चौथे कलम म्हणून लिहून घेतले आहे.